पेढीत गेलेली पाटी

माझे सासरे दुकानात कधी येत नसत. वलगावहून अमरावतीला आले की थेट घरी जायचे, मुलीच्या हातचा चहा घ्यायचे आणि दिवस मावळायच्या आत परतीची मोटार धरायचे. साठ-एकसष्टची गोष्ट असेल. फेब्रुवारी संपत आला होता आणि एका दुपारी ते राजापेठेतल्या माझ्या रेडिओ-दुरुस्तीच्या खोलीच्या दारात उभे राहिले. खांद्यावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. ते काय असणार, हे मला गोधडी सुटायच्या आधीच कळलं.

"जवाईबुवा, जरा हात लावा," ते म्हणाले. "जपून. तोंड खाली करू नोका त्याचं."

गोधडीत लाउडस्पीकर होता. वस्तीतले लोक त्याला भोंगा म्हणत, पण तो भोंगा नव्हता. परातीएवढा कागदी कोन, त्याभोवती लोखंडी सांगाडा आणि मागे मडक्याएवढं लोखंडी डबडं. सासरे पूर्वी अमरावतीच्या एका टॉकीजमध्ये दारावर होते. टॉकीजमध्ये नवी यंत्रं आली तेव्हा मालकाने हा जुना त्यांना देऊन टाकला. तेव्हापासून तो वलगावच्या घरात ज्वारीच्या कोठीमागे पडून होता.

त्यांना तो आत्ताच का हवा होता, हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. मागच्या एप्रिलात जयंतीला वस्तीने गावातल्या एकाचा लाउडस्पीकर भाड्याने आणला होता. बुद्धवंदना नेहमीप्रमाणे सासरे घेत होते. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून वस्तीची वंदना तेच घेत. पंचशीलातलं तिसरं शील अर्ध्यात आलं, तेवढ्यात गावात कुणाच्या तरी घरची वरात आली. लाउडस्पीकरवाल्याला तिकडून निरोप आला. त्याने सासऱ्यांच्या हातातून माईक काढून घेतला, वायर गुंडाळली आणि तो चालता झाला. उरलेलं शील सासऱ्यांनी तसंच, घसा ताणून म्हटलं. मग सगळ्यांसमोर उभं राहून म्हणाले, "पुढच्या जयंतीले आपला सोताचा भोंगा बोलीन. नाई बोलला, तं मी वंदना घेनं सोडीन."

असं बोलायची काही गरज होती का? पण ते बोलले होते. आणि बोलले होते ते माझ्या भरवशावर, मला न विचारता.

"मामाजी, मी दुसरा आनतो ना," मी म्हणालो. "इथं ओळखीचे लय हायेत. चांगला नवा देतील एक दिवसासाठी."

"भाड्याचा?"

"भाडं घेनार नाई तो."

"तरी तो त्याचाच राह्यला," ते म्हणाले आणि बाकावर बसले. विषय संपला.

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि आला की मी गप्प बसतो. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा तव्यावरचा चटका बरा, निदान समजतं तरी. त्या दिवशी मी गप्प बसलो ते रागापेक्षा भीतीनं. ती भीती सांगायची तर अकोल्याला जावं लागेल.

हे काम मी अकोल्याला ताजनापेठेत एका उस्तादाकडे शिकलो. तिसऱ्या वर्षी त्यांच्याकडे असाच एक जुना लाउडस्पीकर दुरुस्तीला आला. आजच्या लाउडस्पीकरमध्ये पक्कं लोहचुंबक असतं. जुन्या काळी ते महाग पडे, म्हणून मागच्या डबड्यात बारीक तारेची मोठी गुंडाळी असायची. तिच्यात वीज सोडली की लोखंडाचं चुंबक व्हायचं, वीज काढली की पुन्हा नुसतं लोखंड. वीज कमी दिली तर आवाज मरतुकडा येतो. जास्त दिली तर आवाज घुमतो, आणि इथेच सगळी फसगत आहे. मी जास्त दिली. आवाज असा आला की रस्त्यावरची माणसं थांबली. उस्तादांनी माझी पाठ थोपटली आणि ते चहाला गेले. ते परत येईपर्यंत दुकानात धूर भरला होता. गुंडाळी आतल्या आत जळून कोळसा. उस्ताद शिव्या देत बसले नाहीत. नुसतं म्हणाले, "अब कुछ दिन सिर्फ टाँका लगा." पुढचे आठ महिने मी वायरींना नुसते कथलाचे डाग देत बसलो, आणि मग मीच ते दुकान सोडलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कुणी शिकवायला नको.

आणि आता तोच प्रकार सासऱ्याच्या घरून आला होता.

दुसऱ्या दिवशी दार अर्धं लोटून मी कामाला लागलो. डबड्यातून चार वायरी बाहेर आल्या होत्या, चारी काळ्या पडलेल्या. दोन वायरींना टॉर्चचा सेल टेकवला, तर कोनाने 'कट' असा आवाज केला. म्हणजे ह्या आवाजाच्या. उरलेल्या दोन वायरींना सेल लावला, तर आवाज नाही, पण मध्यावर धरलेला स्क्रू-ड्रायव्हर किंचित आत ओढला गेला. म्हणजे ह्या गुंडाळीच्या. मीटरने गुंडाळी शाबूत असल्याचं सांगितलं. एवढ्यावर मला आनंद व्हायला हवा होता. पण तिला वीज किती सोसते हे मीटर सांगत नाही. एकशेदहा व्होल्टची असेल, तर दोनशेवीस दिल्यावर ती तासाभरात जळणार. दोनशेवीसची असेल आणि एकशेदहा दिले, तर वंदना पहिल्या रांगेच्या पुढे जाणार नाही. तारेची जाडी दिसली असती तर अंदाज आला असता. पण वरून डांबरी कापड, त्यावर ठोकलेला पत्रा. उघडायला गेलो असतो तर जुनी तार हातात तुटून आली असती.

कंपनीचं नाव, नंबर, काहीही नाही. डबड्याच्या पाठीवर फक्त चार भोकं होती, चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर असावीत तशी. तिथे एकदा पाटी होती आणि ती कुणीतरी छिन्नीने उपसून काढली होती. छिन्नीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

कोन दोन ठिकाणी फाटला होता. तो मी पतंगाच्या कागदाने आणि पातळ सरसाने जोडला. मधल्या फटीतला कचरा कागदाची पट्टी फिरवून काढला. लाकडाच्या जाड फळीला भोक पाडून लाउडस्पीकर त्यात बसवला, कारण फळीशिवाय असला लाउडस्पीकर तोंडातल्या तोंडात बोलतो. गुंडाळीला वीज द्यायला एक पेटी बनवली. तिला खटका, आणि खटक्याला दोन जागा, एकशेदहा आणि दोनशेवीस. पहिल्या जागेवर टाकलं. आवाज आला, पण अंगात ताप असलेल्या माणसासारखा. दुसऱ्या जागेवर टाकायला माझा हात उचलेना. मार्च अर्धा संपला होता.

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. पाच वर्षांनी उस्तादांसमोर उभा राहिलो. केस पांढरे झाले होते, पण बाकावरची जागा तीच. मी सगळं सांगितलं. ते हातातलं काम न थांबवता ऐकत होते.

"प्लेट पे क्या लिखा है?"

"प्लेट नाहीये, उस्ताद. कुनीतरी काढली."

"तो उससे पूछ जिसने निकाली," ते म्हणाले. मी निघालो तेव्हा त्यांनी थांबवलं. "और सुन. चलाएगा तो लोहे पे हाथ रख के बैठना. सौ तक गिनना. सौ के पहले हाथ उठ गया, तो फौरन बंद. आवाज मत सुन. तेरी वही आदत है, आवाज सुनता है."

परतीच्या गाडीत मला रडू येईल असं वाटत होतं. माणसाने आपली खोड पाच वर्षं लक्षात ठेवली, याचं वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वलगावला गेलो. मी सासऱ्यांना विचारलं, पाटी कोणी काढली? ते अंगणातल्या बाजेवर बसले होते. त्यांनी ऐकलंच नाही असं केलं. मी पुन्हा विचारलं. ते उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेले. मला पुन्हा राग आला. माझ्या जिवाची इकडे कालवाकालव आणि हे कोंबड्यांशी बोलून राहिले! तेवढ्यात माझी बायको बाहेर आली. तिने बापाच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"बाबा, तुमीच काढली ना? मी पाह्यलं होतं. सांगून टाका ना त्यायले."

"काय सांगू वं? हसतीन ते."

"नाई हसत. मी सांगतो." आमच्या वऱ्हाडात बायकाही 'सांगतो' म्हणतात. मग तिनेच सांगितलं.

टॉकीजचा मालक दर दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा करायचा. ह्या लाउडस्पीकरच्या पाटीवर कंपनीचं चित्र होतं, हात वर केलेली, पंखवाली एक बाई. मालक तिलाच हळदकुंकू लावायचा आणि झेंडूचा हार घालायचा. सासऱ्यांनी वर्षानुवर्षं तेच पाहिलेलं. छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर घरातले सगळे देव टोपलीत भरून पेढी नदीच्या पाण्यात सोडायचं ठरलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, कोठीमागं अजून एक देवी हाये. सासऱ्यांनी छिन्नी घेतली, पाटी उपसली आणि टोपलीत टाकली. पुढे कितीतरी दिवसांनी कुणीतरी सांगितलं की ती देवी नव्हतीच, विलायती कंपनीची निशाणी होती.

मी हसलो नाही. आमच्या घरी आईने त्याच सुमारास भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा उतरवून चुलीत घातलं होतं, वर्ष संपायला दोन महिने बाकी असताना. मोठं घर झाडताना असंच होतं, कामाची एखादी वस्तूही कचऱ्यात जाते. पण सासऱ्यांना त्याची फार लाज वाटत होती. जिला ते बुडवायला निघाले, तिला त्यांनी शेवटपर्यंत देवी मानलं होतं, हे त्यांना खुपत होतं.

"बाईच्या खाली काई लिहिलं होतं काय, मामाजी? आकडे?" मी विचारलं. इंग्रजी आकडे त्यांना वाचता येत नव्हते, पण मी म्हटलं, पाहिलेलं तर असेल.

ते बाजेजवळ परत आले. मग खाली बसले, बोटाने धुळीत काढायला लागले. मान वळवलेला एक बगळा. त्याच्याशेजारी तसाच दुसरा. मग एक गोल.

"दोन बगळे आन एक अंडं," ते म्हणाले. "हे होतं. पक्कं."

दोनशेवीस. माझ्या छातीवरचा दगड उतरला. जो माणूस आकड्यांना बगळे म्हणतो, तो ते मनाचे कशाला सांगेल?

सोमवारी दुकानात खटका दुसऱ्या जागेवर टाकला. आवाज खोलीत मावेना. समोरचा शिंपी मशीन थांबवून पाहायला लागला. मी लोखंडावर हात ठेवला आणि आवाजाकडे कान न देता मोजायला लागलो. पंधरा मिनिटांनी शंभर मोजता आले. अर्ध्या तासाने शंभर मोजता आले, पण शेवटचे वीस दात आवळून. तिथे मी बंद केलं. तासभर चालवायचा धीर झाला नाही. बगळ्यांवर विश्वास होता, तरीही.

जयंतीच्या दिवशी वऱ्हाडातलं ऊन असतं तसं ऊन होतं. वस्तीत अजून वीज नव्हती. शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने वायर ओढू दिली. मी लाउडस्पीकर लिंबाच्या सावलीत फळीसकट उभा केला, तरी चार वाजता लोखंडाला हात लावला तर ते वीज न सोडताच कोमट! उस्तादांचं शंभर अकोल्याच्या दुकानातल्या थंड बाकावरचं होतं. एप्रिलातल्या वलगावचं शंभर किती, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर माणसं जमली. वस्ती तर होतीच, पण रस्त्यापलीकडे गावातलीही दहा-वीस मंडळी उभी होती. त्यांत तो लाउडस्पीकरवालाही होता, हाताची घडी घालून. सासरे पांढरं धोतर, पांढरा सदरा घालून माईकसमोर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आधी खटका पहिल्या जागेवर टाकला. खरं तर माझं तिथेच भागवायचं मनात होतं. त्यांनी "बुद्धं सरणं" म्हटलं आणि मागच्या बाया कानामागे हात धरून पुढे सरकल्या. ऐकू जात नव्हतं. पलीकडे कुणीतरी हसलं.

सासरे थांबले. माईकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "काहून भेता जवाईबुवा? टाका ना बगळ्यांवर."

मी टाकला. आवाज उठला तो वस्तीवरून, रस्त्यावरून, गावाच्या अंगावर गेला. हसणारा गप्प झाला. मी डावा तळवा लोखंडावर ठेवला आणि मोजायला लागलो. बायको माझ्यामागे सुपाने वारा घालत उभी होती, लाउडस्पीकरला की मला, कुणास ठाऊक. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. तिसरं शील आलं तेव्हा सगळी वस्ती श्वास धरून होती, आणि ते पुरं झालं. मी पुन्हा मोजत ऐंशीपर्यंत आलो होतो, हात अजून लोखंडावरच होता.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण सासऱ्यांनी स्वतः रचलेलं पद काढलं. ते पद मला माहीत होतं, चांगलं लांबलचक. आणि सासरे ते अशा ठाय लयीत म्हणायला लागले की जणू उद्या सकाळपर्यंत कुणाला काही काम नाही. प्रत्येक ओळ दोनदा. मध्ये थांबून पाणी पिऊन. मी बायकोला खुणावलं, त्यांना सांग, आवरा. तिने सांगितलं असावं, कारण त्यांनी तिच्याकडे पाहून मान हलवली आणि पुढचं कडवं आणखी सावकाश घेतलं. आता हात शंभरपर्यंत टिकत नव्हता. सत्तर. मग साठ. बंद करावं, तर मागच्या वर्षासारखंच अर्ध्यात तुटणार. डांबराचा वास येतोय की मलाच भास होतोय, कळेना. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जे जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चाळीसवर हात उचलला गेला आणि मी उजवा हात खटक्यावर नेला, तेव्हा शेवटची ओळ संपली. त्यांनी माईकला नमस्कार केल्यासारखा हात लावला. मी खटका खाली ओढून वीज तोडली.

तो जळला नव्हता. मी वाकून वास घेतला, मीटर लावून पाहिलं, दोनदा पाहिलं. शाबूत होता.

लोक सासऱ्यांभोवती जमले होते. लाउडस्पीकरवाला केव्हा निघून गेला ते मी पाहिलंच नाही. बऱ्याच वेळाने सासरे लिंबाखाली आले आणि माझ्याशेजारी मातीतच बसले. माझा तळवा लाल झाला होता.

"मामाजी, एवढं काहून लांबवलं?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "दोनशेवीसचा झाला तरी उन्हात त्याले काई सीमा हाये की नाई?"

"दोनशेवीसचा हाये ना?" त्यांनी विचारलं.

"तुमीच तं सांगितलं."

ते लाउडस्पीकरकडे पाहत राहिले. "मले काय आठवते, बाप्पा. मी त्या बाईच्या तोंडाकडंच पाहो. खाली काय होतं, कधी पाह्यलंच नाई. पेढीवर दोन बगळे दिसले होते सकाळी, तेच काढले, आन बाजूले अंडं. आकडा त्यात तुमाले दिसला. तुमी खटक्याले हातच लावून नाई राह्यले होते. जयंती निघून गेली असती तुमची मोजता मोजता."

म्हणजे तो एकशेदहाचा असू शकत होता. म्हणजे समोर बसलेल्या ह्या माणसालाही, मला माहीत नव्हतं तितकंच, माहीत नव्हतं.

"मंग घाईनं तरी म्हनायचं!" मी ओरडलोच. "जळला असता तं? सगळ्यायच्या समोर?"

"वाटे ना मले बी. ह्या ओळीले जाते, त्या ओळीले जाते. पाय कापून राह्यले होते सारखे." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "पन घाईनं म्हटलं असतं, तं लोकायले समजलं असतं का हा मानूस भेला. मागच्या साली त्यायनं मले भेलेलं पाह्यलं होतं."

एवढं बोलून ते उठले आणि लोकांमध्ये गेले. मी वायरी गुंडाळत बसलो. तिथे भीती फक्त मला वाटत होती, असं मी दीड महिना समजत होतो.